बदली चालत नाही अशी खुर्ची

शैलजाताईंची आणि माझी पहिली भेट बसमुळे झाली. म्हणजे बसमध्ये नव्हे. बसमध्ये मला बसता येत नव्हतं, म्हणून.

तेव्हा मी निघोज्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो. सोबत दिगंबर नावाचा बीडकडचा मित्र. कंपनी चाकणच्या पलीकडे, त्यामुळे येणं-जाणं कंपनीच्या बसने. ही बस चाकणच्या चौकात अडकली, पुढेमागे कंटेनर आणि कांद्याचे ट्रक उभे राहिले, की माझ्या छातीत आवळून यायचं. हात बधिर, अंगाला घाम, श्वास अर्ध्यावर थांबलेला. आता आपण मरतोय याबद्दल मनात शंका उरायची नाही. मी ओरडून दार उघडायला लावायचो आणि उतरून चालत सुटायचो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली आणि म्हणाले, "हृदय घोड्यासारखं आहे तुझं. हे दुखणं दुसरं आहे. मोटारवाल्या रफिकच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक ताई बसतात, त्यांना भेट."

त्याआधी मी सुरत सोडली होती, नाशिक सोडलं होतं, रांजणगाव सोडलं होतं. प्रत्येक ठिकाणी कारण निराळं सांगितलं होतं. या वेळी हिशेब सरळ होता. बसमध्ये बसता आलं तर चाकणला राहायचं, नाही आलं तर बॅग भरायची. दुचाकी माझ्याकडे नव्हती आणि सहा आसनी रिक्षात तर आणखी लवकर व्हायचं.

ताईंच्या या गौरवग्रंथात त्यांचे विद्यार्थी आणि सहकारी लिहीत आहेत. त्यांनी ताईंना आकुर्डीच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवताना पाहिलं, मी समोरच्या खुर्चीतून पाहिलं. या बाजूचाही एक लेख असावा असं संपादक मंडळाला वाटलं. ताईंनी मात्र एकही नाव सुचवायला नकार दिला. ज्याला लिहायचं असेल तो स्वतः येईल, म्हणाल्या. मग मंडळाने रफिकभाईंच्या दुकानात निरोप ठेवला आणि मी गेलो. अकरावी अर्धवट सोडलेल्याने ग्रंथात लिहावं का, हा प्रश्न मंडळाला पडला नाही. मला पडला होता, पण तोवर हो म्हणून बसलो होतो.

रफिकभाईंबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण ताईंकडे जाणारा जिना त्यांच्या दुकानातूनच चढतो. जळालेल्या मोटारींना तांब्याची तार नव्याने गुंडाळून देणं हा त्यांचा धंदा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानासमोर उगाच घुटमळत होतो. ते तार गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "वर जायचंय ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मोटार दुरुस्तीला आलेला माणूस हातात मोटार घेऊन येतो, भावा. जा बिनधास्त. इंजेक्शन नाही देत त्या."

माझ्या हातात नारळ होता. मामाने फोनवर बजावलं होतं, पहिल्यांदाच जातोयस, रिकाम्या हाताने जाऊ नको. सोबत दिगंबर होता. चाकणला दवाखान्यात कुणी एकटं जात नाही. ज्याला बरं नाही तो आणि त्याच्यासाठी बोलणारा, अशी जोडी जाते.

ताईंनी दोघांकडे पाहिलं. "तुमच्यापैकी आलंय कोण?"

"हा आलाय, मॅडम," दिगंबर म्हणाला. "मी सोबत आहे. ह्याला काय झालंय ते मला सांगा, मी ह्याच्या घरी कळवतो."

"घरी काय कळवायचं ते हेच ठरवतील. तुम्ही बाहेर बसा, पेपर ठेवलाय. आणि मला मॅडम नको, ताई म्हणा."

नारळ त्यांनी हातात घेतला, हलवून पाहिला आणि परत दिला. "पाणी आहे. खोलीवर चटणी करा."

पहिल्या भेटीत मला आधी काय जाणवलं असेल, तर ते 'अहो'. माझ्यासारख्या ठेकेदाराच्या माणसाला चाकणमध्ये 'अहो' कुणी म्हणत नाही. 'ए', 'भावा', 'तो निळा शर्ट', असंच चालतं. ताईंनी मला पहिल्या वाक्यापासून तुम्ही म्हटलं आणि शेवटपर्यंत ते बदललं नाही. मी लहान आहे, तू म्हणा, असं मी सांगून पाहिलं. "तुम्ही लहान नाही," एवढंच म्हणाल्या.

ज्यांना अशा ठिकाणी जायचंय आणि धीर होत नाही, अशा लोकांच्या हाती हा ग्रंथ पडण्याचा संभव कमी आहे. तरी पडलाच तर उपयोग व्हावा म्हणून आत काय होतं ते लिहून ठेवतो. झोपवत नाहीत. डोळ्यांसमोर काही हलवत नाहीत. पलंग नाही, दोन खुर्च्या आहेत आणि त्याही अगदी समोरासमोर नाहीत, जराशा तिरप्या आहेत. त्यामुळे बोलताना खिडकीकडे बघितलं तरी वाईट दिसत नाही. ताई आधी सगळं सांगून टाकतात. मला म्हणाल्या, "इथे काय चालतं ते सांगते, मग थांबायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आठवड्यातून एकदा, पाऊण तास. तुम्ही बोलाल ते या खोलीत राहील. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तरच मी बाहेर बोलेन आणि तेही शक्यतो तुम्हाला सांगून. गोळ्या मी देत नाही. लागतील असं वाटलं तर ज्या डॉक्टरांना तो अधिकार आहे त्यांच्याकडे पाठवेन. पहिल्या काही वेळा उलट जास्त जड वाटेल. माझ्याशी नाही जमलं तर दुसऱ्या कुणाचं नाव देईन, मला राग येणार नाही. काही विचारायचंय?"

मी विचारलं, "किती दिवसांत बरं होईल?"

"माहीत नाही."

मला हे आवडलं नाही. तोवर मला भेटलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. गावाकडच्या देवऋषाला अमावास्येपर्यंत बरं करायचं होतं, मेडिकलवाल्याला पाच दिवसांच्या कोर्समध्ये.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. झोप कशी आहे, जेवण कसं आहे, घरी कोण कोण, पहिल्यांदा असं कधी झालं. मी बोलू लागलो की रस्ता सोडतो. सुरतेच्या हॉटेलात होतो हे सांगताना मी तंदूरच्या भट्टीवर गेलो. भट्टीच्या आतल्या भिंतीला रोटी चिकटवताना हात किती चटकन काढायचा, मनगटावरचे केस कसे जळतात, ते सगळं सांगितलं. ताईंनी ऐकून घेतलं. भट्टी संपल्यावर विचारलं, "आणि सुरतेहून निघालात कसे?" मी म्हटलं, मालक चांगला नव्हता. नाशिकहून? हवा मानवली नाही. रांजणगावहून? तिथे पाण्याचे हाल होते. त्यांनी कशालाच हरकत घेतली नाही. थोडा वेळ गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं अवघड असतं, आपलं शेवटचं वाक्य खोलीतच राहतं. मग वेळ संपली म्हणाल्या. मी वाक्याच्या मध्यात होतो, तरीही. वेळेच्या बाबतीत ताई कडक आहेत, हे गौरवलेखातही लपवण्याचं कारण नाही.

त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल जाणकार लिहितीलच. मी एकच गोष्ट सांगतो. या कामात दर आठवड्याला तोच वार आणि तीच वेळ ठेवतात, असं त्यांच्या एका विद्यार्थिनीने मला सांगितलं. चाकणमध्ये ते जमत नाही, कारण माणसाची पाळी आठवड्याला फिरते. पहिल्या पाळीवाला दुपारनंतर मोकळा असतो, दुसऱ्या पाळीवाला सकाळी, तिसऱ्यावाल्याला दुपारपर्यंत झोपू द्यावं लागतं. आकुर्डीतून निवृत्त होऊन ताई इथे आल्या तेव्हा सुरुवातीला माणसं एकदा यायची आणि पुढच्या आठवड्यात गायब व्हायची. ताईंनी लोकांना नावं ठेवली नाहीत. स्वतःचा दिवस तीन तुकड्यांत कापला आणि प्रत्येकाची वेळ त्याच्या पाळीबरोबर फिरवायला सुरुवात केली. त्यांचं दुपारचं जेवण त्यामुळे कधी लवकर होतं, कधी उशिरा, कधी रफिकभाई डबा वर नेऊन ठेवतात आणि तो तसाच खाली येतो.

बाहेर काही बोलणार नाही, असं त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. ते नुसतं म्हणणं नव्हतं, हे मला जिन्यात कळलं. आमच्या ठेकेदाराचा सुपरवायझर एकदा माझ्या आधी वर पोचला होता. मी अर्ध्या जिन्यात थांबलो.

"मॅडम, आमचं एक पोरगं येतं ना तुमच्याकडे? बसमध्ये तमाशा करतं ते. फिट आहे का नाही, एवढंच सांगा."

"माझ्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी कुणालाच सांगत नाही."

"अहो, आपल्यातलीच गोष्ट आहे. सुट्टी आम्हीच देतो त्याला."

"मग ओळख आहे की तुमची. त्यांनाच विचारा."

तो उतरून आला तेव्हा मी रफिकभाईंच्या काउंटरमागे होतो. त्याने रफिकभाईंनाही विचारून पाहिलं. ते म्हणाले, "साहेब, मी तारेत डोकं घालून बसलेला असतो. वर फरिश्ते जातात का माणसं, मला पत्ता नाही." सुपरवायझर गेल्यावर त्यांनी मला तिथेच चहा दिला. चहात आलं जास्त होतं. असो.

आता बदलीचा किस्सा. संपादक म्हणाले, हा घालाच. दिगंबरने परवानगी दिली आहे.

आमच्या कामात एक पद्धत आहे. आपल्याला पाळीला जमणार नसेल तर जोडीदाराला आपल्या जागी पाठवायचं. याला बदली देणं म्हणतात. मुकादमाला जागा भरलेली हवी असते. ती रिकामी राहिली तर पुढच्या वेळी ती जागाच दुसऱ्याची होते. ताईंनी मला सांगितलं होतं, की पुढच्या भेटीत आपण बसबद्दल बोलू आणि उभ्या बसमध्ये कधी बसून बघायचं ते ठरवू. त्या दिवशी सकाळपासून माझे पाय जिन्याकडे वळेनात. पण जागा जाऊन चालणार नव्हतं. तेव्हा मी दिगंबरला म्हटलं, तू जाऊन ये, बदली म्हणून.

"मी काय बोलू तिथं?"

"माझं सगळं तुला माहीतच आहे. तेच सांग."

तो गेला. बऱ्याच वेळाने परत आला, चपला काढून भिंतीला टेकून बसला.

"काय म्हणाल्या?"

"तुझ्याबद्दल एक अक्षर नाही. म्हणल्या, तुमच्या मित्राबद्दल मला तुमच्याशी बोलता येत नाही. मी म्हणलं, मग मी काय करू? म्हणल्या, उन्हातून आलात, पाणी प्या."

"मग?"

"मग प्यालो."

"एवढा वेळ पाणी पीत होतास का बे?"

"नाही. त्यांनी विचारलं, तुमचं काय चाललंय. मी म्हणलं, माझं काय नाही, माझं मस्त चाललंय. मग मी रडलो."

दिगंबरला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या ओळखीतला सगळ्यात गमत्या माणूस तो. "कशासाठी रडलास?" मी विचारलं.

"ते तुला कशाला सांगू? गुप्त असतंय ते."

एका खोलीत राहणाऱ्या दोघांना ताई घेत नाहीत. एकाचं ऐकताना दुसऱ्याचं ऐकलेलं मध्ये येतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दिगंबरला आकुर्डीच्या आपल्या एका विद्यार्थ्याचं नाव दिलं, त्याच्यासमोरच फोन लावून वेळ घेऊन दिली. बस बदलत बदलत तो सुट्टीच्या दिवशी जायला लागला आणि अजून जातो. काय बोलतो ते मला आजही माहीत नाही. पूर्वीइतक्या गमती करत नाही, पण झोपतो चांगला.

पुढच्या वेळी मीच गेलो. पहिला प्रश्न माझा होता. "ताई, माझी जागा गेली का?"

"नाही गेली. तुम्ही आला नाहीत म्हणून जागा जात नाही."

"मी बदली दिली होती."

"हो, भेटले ते. पण त्यांना बसची भीती वाटत नाही ना. ती तुम्हाला वाटते. त्यांनी इथे बसून तुमचं काय होणार?" मग म्हणाल्या, "यायचं नव्हतं तर तेच येऊन सांगायचं होतं. मला बसमध्ये बसायचं नाही, हे इथे चालतं."

"चालतं?"

"त्याच्यावरच तर बोलायचंय."

त्या दिवशी सुरत, नाशिक आणि रांजणगावबद्दल मी पुन्हा बोललो. मालक, हवा आणि पाणी या वेळी मध्ये आलं नाही. तिन्ही ठिकाणी छाती आवळायला लागली होती आणि तिन्ही ठिकाणी मी निघालो होतो. ताईंनी यावर काही शेरा मारला नाही. एवढंच विचारलं, "आणि निघाल्यावर?" निघाल्यावर बरं वाटायचं. काही महिने. हे बोलल्यावर मला ते ऐकू आलं.

निघोज्याच्या एका मोकळ्या प्लॉटवर दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत कंपनीच्या बस उभ्या असतात. आमच्या बसचे ड्रायव्हर सोपानकाका, तिथल्याच जुन्या घरातले. त्यांना मी विचारून ठेवलं होतं. ठरलेल्या दुपारी ताई रिक्षाने आल्या. त्यांचे गुडघे दुखतात, तेव्हाही दुखत होते. बसची पहिली पायरी उंच असते. त्यांनी दांडा धरला, पाय टाकला, एक क्षण थांबल्या आणि चढल्या. मी हात पुढे केला होता, तो त्यांनी घेतला नाही.

सोपानकाकांनी विचारलं, "आजी, कंपनीत जायचं हाय का तुमास्नी?"

"नाही. नुसतं बसायचंय."

"गाडी सुरू न्हाई व्हायची अजून."

"सुरू नकोच आहे."

"मंग बसा की. पर पंखा न्हाई चालायचा."

ताईंनी मला खिडकीकडे बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि काकांना दार लावायला सांगितलं. दार लागल्याचा तो आवाज झाला आणि सगळं सुरू झालं. उभी बस, रिकामी सीट, बाहेर बांधलेली शेळी, कशाकशाचा उपयोग नाही.

"दहापैकी भीती किती?"

"नऊ."

"ठीक आहे."

"ताई, मी मरतोय."

"तसं वाटतंय खरं. बसून राहू."

त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही, काही होणार नाही असं म्हटलं नाही, दीर्घ श्वास घ्या असंही म्हटलं नाही. समोर बघत बसल्या. त्यांच्या कपाळावरही घाम होता, पण तो उन्हाचा. अधूनमधून विचारायच्या, "आता?" मी सांगायचो, नऊ. मग पुन्हा नऊ. मग आठ. मला उतरायचं होतं आणि दार लावलेलं होतं, पण काकांना हाक मारली असती तर त्यांनी उघडलं असतं. हे ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, उतरायचं असेल तेव्हा उतरा. मी हाक मारली नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित त्या इतक्या उंच पायरीवरून चढून आल्या होत्या म्हणून.

"आता?"

"सहा."

सोपानकाकांनी ड्रायव्हरच्या जागेवरून मान वळवली. "नऊ, आठ, सहा... आकडा काढताय व्हय मटक्याचा? मला बी सांगा की, लावतो."

ताई हसल्या. चांगल्या मोठ्याने, पदर तोंडाशी धरून. मी त्यांना तसं हसताना तेवढं एकदाच पाहिलं. हसणं ओसरल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "आता?"

"चार."

"बघा," त्या म्हणाल्या. "आपण काहीच केलं नाही. ती आली आणि उतरली. तुम्ही मात्र बसमध्येच आहात."

तोवर मला ठाऊक नव्हतं, की ती भीती आपली आपण उतरते. मी दर वेळी तिच्या आधी उतरत होतो.

पुढे एका थांब्यापर्यंत, मग दोन, मग चौकाच्या अलीकडपर्यंत. त्यात ताई सोबत नव्हत्या, मुद्दामच नव्हत्या. कधी जमलं, कधी मी मध्येच उतरलो. उतरल्याचं सांगितलं की त्या उतरण्याआधीचा आकडा विचारायच्या, बाकी काही नाही. मग एका सकाळी बस चौकात सापडली. डावीकडे कंटेनर, उजवीकडे कांद्याचा ट्रक, मागून हॉर्न. छाती आवळली. नऊ. मी पुढची सीट धरून बसलो. शेजारचा माणूस मोबाइलवर क्रिकेट बघत होता, त्याच्या संघाची विकेट पडली आणि त्याने मलाच शिवी दिली. आठ. ट्रक हलला, पुन्हा थांबला. सात. बस सुटली तेव्हा मी आतच होतो. कंपनीच्या दारात उतरलो, अंगठा लावला आणि मशीनवर उभा राहिलो. कुणाला काही कळलं नाही. ते बरंच झालं.

त्यानंतर मी चाकण सोडलेलं नाही. पुढेमागे सोडीनही, फिरण्याची खोड गेलेली नाही, पण ते बसच्या दारातून उतरून पळणं नसेल. भीती आजही कधीकधी येते. आली की बसते, आणि उतरते.

हे स्थिर झाल्यावर ताईंनी भेटी पंधरा दिवसांवर नेल्या, मग महिन्यावर. मग एकदा म्हणाल्या, "आता थांबवायचं का?" हाही या कामाचाच भाग असतो, त्याबद्दल आधी कुणी सांगत नाही. मला ते आवडलं नाही. मी थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून बघितलं, मग मुद्द्यावर आलो. "ताई, तुमचं वय झालं. उद्या मला पुन्हा काही झालं आणि तुम्ही नसलात तर?"

मलाच माझा प्रश्न उद्धट वाटला. त्यांना वाटला नसावा. त्या म्हणाल्या, "म्हणून तर मी असतानाच थांबवू या. मी असूनही मी लागत नाही, हे तुम्हाला बघायला मिळेल."

तेव्हापासून मी त्यांच्या दुकानावरून, म्हणजे रफिकभाईंच्या दुकानावरून, अनेकदा जातो. वर खिडकी उघडी दिसते. मी वर जात नाही. काम नसतं.

अशा ग्रंथांत शेवटी दीर्घायुष्य मागतात, आणि ते बहुतेक आपल्यासाठी मागतात: त्यांचं मार्गदर्शन आम्हाला असंच लाभत राहो, वगैरे. ताईंच्या बाबतीत तसं मागणं बरोबर होणार नाही. आम्हाला त्या लागू नयेत यासाठीच त्या इतकी वर्षं त्या तिरप्या खुर्चीत बसल्या आहेत. तेव्हा आमच्यासाठी काही नको. त्यांना पुष्कळ वर्षं मिळोत, गुडघ्यांना आराम पडो, दुपारचं जेवण गरम असताना पोटात जावो, आणि हे सगळं निव्वळ त्यांचं त्यांना असो.